यंत्राला गोंडी आली. कचेरीला केव्हा येणार?

2025 च्या सप्टेंबर महिन्यात केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचे एक अनुवाद-यंत्र प्रायोगिक स्वरूपात लोकांपुढे ठेवले. दिल्लीच्या आय.आय.टी.च्या पुढाकाराने काही तंत्रशिक्षण संस्थांनी मिळून ते तयार केले आहे. ओडिशातील संथाळी, मध्य प्रदेशातील भिली, झारखंडमधील मुंडारी आणि छत्तीसगडमधील गोंडी या चार भाषांतील लिहिलेला वा बोललेला मजकूर हिंदी-इंग्रजीत आणि हिंदी-इंग्रजीतील मजकूर या भाषांत नेता यावा, अशी ही योजना आहे. ज्या भाषांची दखल सरकारी कागदांनी आजवर क्वचितच घेतली, त्यांच्यासाठी सरकारचा पैसा आणि शास्त्रज्ञांची बुद्धी खर्च झाली, याचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. केवळ सरकारने केले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु स्वागत करून झाल्यावर एक प्रश्न विचारावाच लागतो. या यंत्रातून कोणाचे बोलणे कोणापर्यंत जाणार आहे? मंत्रालयाने त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांत आरोग्यविषयक सूचना आणि पंतप्रधानांची भाषणे आदिवासी भाषांत पोचवणे याचा उल्लेख आहे. पंतप्रधानांचे भाषण गोंडीत जाईल हे ठीक. पण गोंडाचे गाऱ्हाणे, पंतप्रधान राहोत, निदान तहसीलदारापर्यंत तरी गोंडीत जाईल काय? आणि गेले तर ते नोंदवून घेतले जाईल काय? दोन्ही काठांवरच्या माणसांना ये-जा करता आली तरच पूल बांधल्याचे सार्थक होते. म्हणून या लेखात यंत्राच्या कौशल्याची चर्चा करावयाची नाही. त्याच्या दिशेची आणि मालकीची करावयाची आहे.

गोंडीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, त्यात आपल्या भाषाविषयक धोरणातील सारी विसंगती एका ठिकाणी पाहायला मिळते. 2011 च्या जनगणनेत 29 लाख 84 हजारांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या 24,821 होती. घटनेच्या आठव्या परिशिष्टात संस्कृत आहे, गोंडी नाही. संस्कृतच्या थोरवीविषयी वाद नाही. तथापि ज्या भाषेत तीस लक्ष माणसे रडतात, हसतात आणि भांडतात, तिला परिशिष्टाच्या बाहेर ताटकळत ठेवण्याचे समर्थन कशाच्या आधारे करणार?

याचे मूळ केवळ दुर्लक्षात नाही, नकाशात आहे. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व न्याय्य होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समाजवादी आघाडीवर होते आणि एस. एम. जोशी समितीचे सरचिटणीस होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत, हे त्या लढ्याचे सूत्र होते. पण हे सूत्र गोंडांच्या दाराशी येऊन थांबले. गोंडांचा मुलूख मराठी, हिंदी, तेलुगू आणि उडिया राज्यांत विभागला गेला आणि प्रत्येक राज्यात ते अल्पसंख्य ठरले. इंद्रावतीच्या एका काठावरचा मुलगा शाळेत मराठी शिकतो, पलीकडच्या बस्तरचा हिंदी. प्राणहिता ओलांडली की तेलुगू. घरात एकच भाषा बोलणारी ही मुले मोठी झाल्यावर परस्परांना पत्र लिहू म्हणतील तर कोणत्या लिपीत लिहिणार?

या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न सरकारच्या कितीतरी आधी झाला, आणि तो साध्या टेलिफोनवर झाला. 2010 मध्ये छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू केला. त्याची रीत कोणालाही समजेल इतकी सोपी होती. गावकऱ्याने ठरलेल्या क्रमांकावर ‘मिस्ड कॉल’ द्यावा. यंत्र उलट फोन करी. एक बटण दाबले की आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करता येई, दुसरे दाबले की इतरांचे ऐकता येई. अक्षरओळख नको, लिपी नको, महागडा फोन नको. बोलणारा गोंडीत, कुडुखमध्ये, हिंदीत, जसे येईल तसे बोले. प्रशिक्षित कार्यकर्ते ते ऐकून, तपासून सर्वांसाठी खुले करीत. जेथे फोनचे जाळे धड पोचत नव्हते, तेथे हेच कार्यक्रम ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात जात. त्याला ‘बुल्टू रेडिओ’ असे नाव पडले होते.

लोक काय सांगत? रोजगार हमीची मजुरी थकली आहे, हातपंप बंद आहे, शिक्षक शाळेत येत नाही. निवेदनाच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक सांगितला जाई. मग शेकडो मैलांवरच्या शहरातला, गोंडीचा एक शब्दही न येणारा श्रोता त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारी की या गावाच्या मजुरीचे काय झाले? पुष्कळदा काम होई, आणि ते झाल्याचा निरोपही त्याच मार्गाने परत येई. भिन्न भाषांच्या माणसांतले सहकार्य म्हणतात ते हेच. येथे यंत्राचा वाटा होता, पण तो हमालाचा होता. बोलणारा, समजावून सांगणारा आणि पाठपुरावा करणारा माणूस होता. त्या माणसांच्या साखळीतला दुभाषा कार्यकर्ता वगळला असता, तर सारे गाऱ्हाणे ध्वनिमुद्रणाच्या कोठीत पडून राहिले असते.

याच प्रयत्नांतून पुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. यंत्राला भाषा शिकवायची तर कोणती गोंडी शिकवायची? मंडल्याची, आदिलाबादची की भामरागडच्या माडियांची? शब्द वेगळे, उच्चार वेगळे, आणि शेजारच्या राजभाषेतून उसनी घेतलेली भर वेगळी. 2014 पासून वेगवेगळ्या राज्यांतील गोंडी भाषक बैठका घेऊन एकत्र बसले आणि 2018 मध्ये कर्नाटकात हंपीच्या कन्नड विद्यापीठात प्रमाण गोंडी शब्दकोशाच्या कामाला अखेरचा हात फिरवण्यात आला. मराठी शिकलेला, हिंदी शिकलेला आणि तेलुगू शिकलेला गोंड समोरासमोर बसून एकेका शब्दावर वाद घालतो, ही घटना कोणत्याही यंत्राहून मोठी मानली पाहिजे. प्रमाण भाषा दरबारातून वा छापखान्यातून आली की बोली चिरडल्या जातात, हा मराठीसह सर्व भाषांचा अनुभव आहे. बोलणाऱ्यांनी आपसांत ठरवलेल्या प्रमाणातही हा धोका उरतोच, पण तेथे तक्रार करायला जागा राहते. लिपीचेही तसेच. संगणकाच्या जागतिक वर्णसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि आदिलाबादकडील गुंजाळा गोंडी लिपी 2018 मध्ये दाखल झाली. महाराष्ट्रात देवनागरीत लिहिणारेही आहेतच. कोणती लिपी चालवायची याचा निवाडा दिल्लीने किंवा एखाद्या कंपनीने न करता गोंडांनी करावा.

आता ‘आदि वाणी’कडे पुन्हा पाहू. त्यातील गोंडी ‘छत्तीसगडची’ आहे, आणि तिच्या समोरच्या टोकाला हिंदी व इंग्रजी आहे. म्हणजे गडचिरोलीचा माडिया आणि मराठी बोलणारा त्याचा तलाठी या दोघांमध्ये हे यंत्र उभेच राहत नाही. ज्या राज्यसीमांनी गोंडीचे तुकडे केले, त्याच सीमा यंत्राच्या आत जाऊन बसल्या आहेत. हा प्रारंभ आहे, पुढे सुधारणा होईल, असे म्हणता येईल. व्हावी अशीच इच्छा आहे. पण सुधारणा मागणाऱ्यांनी मागितल्याशिवाय होत नसते.

दुसरा मुद्दा मालकीचा. अनुवाद करणारे यंत्र हवेतून शिकत नाही. हजारो वाक्ये आणि तासन्‌तास ध्वनिमुद्रणे त्याला पुरवावी लागतात. ही सामग्री गोंड स्त्री-पुरुषांच्या तोंडून आलेली असते. जंगलातून तेंदूपत्ता आणि बांबू ज्या रीतीने बाहेर गेला, त्याच रीतीने आता आवाजही बाहेर जाणार असेल आणि त्यापासून बनलेला माल उद्या दाम मोजून परत घ्यावा लागणार असेल, तर हा जुनाच व्यवहार नव्या बाजारात चालू आहे असे म्हणावे लागेल. याला पर्याय नाही असे नाही. आय.आय.टी. मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने परिशिष्टातील 22 भाषांसाठीचे आपले अनुवाद-यंत्र 2023 मध्ये सर्वांना मोफत वापरासाठी खुले केले. सार्वजनिक पैशाने आणि लोकांच्या वाणीने जे तयार झाले ते सार्वजनिक राहिले पाहिजे, हे तत्त्व परिशिष्टाबाहेरच्या भाषांनाही लावले पाहिजे.

तिसरा मुद्दा चुकीच्या किमतीचा. बाजारातील पाटीचा अनुवाद चुकला तर हसून सोडता येते. न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात एक शब्द चुकला तर माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात जातो. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, असा आपल्या फौजदारी प्रक्रियेचा दंडक आहे. दुभाषा नेमण्याचा खर्च वाचावा म्हणून त्याच्या जागी यंत्र बसवण्याचा मोह उद्या होणारच. त्याला आजच विरोध नोंदवून ठेवला पाहिजे. यंत्राने दुभाष्याला मदत करावी. दुभाष्याची नोकरी आणि जबाबदारी त्याने घेऊ नये.

आपल्या काही मित्रांना यंत्राचाच तिटकारा असतो. त्यांना एवढेच सांगावयाचे की, छापखानाही एके काळी यंत्रच होता आणि त्याच्यावाचून एकही चळवळ उभी राहिली नाही. दुसऱ्या टोकाला, आता कोणी कोणाची भाषा शिकायचे कारण उरले नाही, असे म्हणणारे आहेत. त्यांनी साने गुरुजींचे स्मरण करावे. गुरुजी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी कुरळ मराठीत आणले. आंतरभारतीचे त्यांचे स्वप्न हे नुसत्या अनुवादित मजकुराचे नव्हते. दुसऱ्याची भाषा शिकण्यात त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसण्याची नम्रता आहे, आणि ती कोणतेही यंत्र आपल्या वतीने दाखवू शकत नाही. गडचिरोलीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला माडिया येत नसेल, तर खिशातला फोन ही उणीव झाकील. भरून काढणार नाही.

आणि सरकारच्या नम्रतेचे काय? गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. कायद्याखालील मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि ग्रामसभेला न्यायालयात दाद मागावी लागली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे कलम 350-अ 1956 पासून सांगत आले आहे. एकीकडे यंत्राला गोंडी शिकवण्यासाठी निधी, आणि दुसरीकडे मुलांना गोंडीतून शिकवणाऱ्या गावाला नोटीस! ही विसंगती ज्यांना बोचत नाही, त्यांचे भाषाप्रेम तपासून घेतले पाहिजे.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. घटनेचे कलम 350 प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क देते. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आजवर हा हक्क कागदावरच राहिला. आता यंत्राने ती सबब काढून घेतली आहे. गोंडी भागातील प्रत्येक तहसील कचेरीत, ठाण्यात आणि आरोग्य केंद्रात तोंडी गाऱ्हाणे गोंडीत किंवा माडियात ध्वनिमुद्रित करून घ्यावे, त्याला नोंदणी क्रमांक द्यावा, पगारी गोंडी दुभाष्याने त्याचा मराठी अनुवाद तपासावा, आणि उत्तर गोंडीत मिळावे. ध्वनिमुद्रणांवर ग्रामसभेचा अधिकार मान्य व्हावा. गोंडीचा आठव्या परिशिष्टात समावेश व्हावा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मराठी–गोंडी असा थेट मार्ग राज्य सरकारने आपल्या खर्चाने बांधावा. मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. घरातल्या धाकट्या भाषेला हात देऊन त्या थोरलेपणाची जबाबदारी आता पार पाडली पाहिजे.

हे सारे होण्यासाठी सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पूर्व विदर्भात ज्यांचे काम आहे अशा साथींनी पहिली काही गाऱ्हाणी स्वतः गोंडीत मुद्रित करून घ्यावीत आणि कलम 350 चा हवाला देऊन कचेरीच्या टेबलावर ठेवावीत. पहिल्यांदा ती परत येतील. परत करण्याचे कारण मात्र लेखी मागून घ्यावे.