लाडकी गाडी योजना

महाराष्ट्रात मोटार घ्यायला सरकारी पैसा मिळतो. अट एकच, मोटार घेण्याची ऐपत आधीपासून असली पाहिजे.

खोटं वाटत असेल तर राज्याचं 2021 चं इलेक्ट्रिक वाहन धोरण काढून बघा. ई-कारला बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे दीड लाखापर्यंत अनुदान, आणि ठरावीक मुदतीत खरेदी केली तर वर आणखी एक लाखापर्यंत मिळत होतं. म्हणजे जास्तीत जास्त अडीच लाख. हाच आकडा सरकारच्या दुसऱ्या कागदावरही भेटतो. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. एका घराची वर्षभराची मिळकत जिथे संपते, तेवढी रक्कम दुसऱ्या घराला नवी कोरी गाडी घेतल्याबद्दल शाबासकी म्हणून मिळू शकत होती.

त्याच लाडक्या बहिणीला आणखी एक अट आहे. कुटुंबात कुणाच्याही नावावर चारचाकी असेल तर ती अपात्र. सूट फक्त ट्रॅक्टरला. 2025 च्या सुरुवातीला अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठवून कुणाच्या दारात चारचाकी आहे हे तपासायला लावलं. नवऱ्याने भाजी वाहायला हप्त्यावर छोटा हत्ती टेम्पो घेतलाय? चाकं चार आहेत ना, मग बाई तुम्ही श्रीमंत! गरिबाच्या दारातली चारचाकी हा गुन्ह्याचा पुरावा आणि सुखवस्तू माणसाच्या दारातली चारचाकी हे पर्यावरणाचं काम, असा हा न्याय आहे.

मी स्वतः गाडीवाला आहे, त्यामुळे सरकार आम्हाला किती जपतं हे आतून सांगू शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. माझे खेपेला 45 रुपये वाचले. ते हवेत विरले नाहीत. ठेकेदाराची भरपाई सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून. मग सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. वर्तमानपत्रांनी त्याला सर्वसामान्यांची दिवाळी म्हटलं. ज्याला पाच लाखांची गाडी साडेचार लाखांच्या आसपास पडली तर हायसं वाटतं, तो आपल्याकडचा सर्वसामान्य!

मुंबईचा कोस्टल रोड घ्या. साडेदहा किलोमीटर, सुमारे 14 हजार कोटी रुपये, टोल शून्य. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. पैसे कुणाचे? महापालिकेचे. हीच महापालिका बेस्ट बससेवेला वर्षाला हजार कोटी देताना उपकार केल्यासारखी वागते. एका रस्त्याच्या खर्चात बेस्टला चौदा वर्षं ही मदत देता आली असती. पण बसला पैसे दिले की तो तोटा असतो आणि मोटारींच्या रस्त्याला दिले की ती गुंतवणूक असते.

आता हे सगळं गिळून बसलेल्या वर्गासमोर म्हणून बघा, की कमी पगाराच्या कामगाराला कामावर जायला गाडी परवडावी म्हणून सरकारने मदत करावी. लगेच ‘रेवडी, रेवडी’ म्हणून ओरड. करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी! जणू तो कामगार करदाता नाहीच. आपला व्यवसाय कर बघा. महिना दहा हजारांवर पगार गेला की पुरुषाला महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे अडीच हजार. सोळा हजारवाल्या कंत्राटी कामगाराला अडीच हजार आणि दोन लाखवाल्या मॅनेजरलाही अडीच हजारच. माझ्या माफ झालेल्या टोलात त्याचाही वाटा आहे. मी अजून त्याचे आभार मानलेले नाहीत.

कामगाराला गाडीसाठी मदत करायची ही कल्पना अमेरिकेत कुणी हसण्यावारी नेत नाही. तिथल्या कित्येक गावांत बसच नाही. गाडी नाही तर नोकरी नाही. व्हरमाँटमध्ये ‘गुड न्यूज गराज’ नावाची संस्था 1996 पासून लोकांनी दान केलेल्या जुन्या गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देते. कौतुकच आहे. पण सरकारने मनावर घेतलं तेव्हा काय झालं तेही बघा. 2009 मध्ये जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला 3,500 किंवा 4,500 डॉलर दिले, एकूण तीन अब्ज डॉलरची तरतूद केली. जमा झालेल्या जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची जाम केली. गरिबाला परवडल्या असत्या अशा चालत्या गाड्या सरकारी पैशाने मारल्या, आणि नव्या घेणाऱ्याच्या पाठीवर हात फिरवला.

आपण ‘लाखाच्या गाडी’त हेच केलं. स्कूटरवर भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी म्हणून नॅनोचा जन्म झाला. 2008 मध्ये कारखाना सिंगूरहून साणंदला हलला तेव्हा गुजरात सरकारने 0.1 टक्का व्याजाने कर्ज देऊ केलं. कंपनीला, स्कूटरवरच्या कुटुंबाला नव्हे. ते कुटुंब जुन्या दुचाकीसाठी फायनान्सवाल्याच्या दारात गेलं की किती टक्के लागतात, ते एकदा विचारून या.

म्हणून मी कामगारांना गाडी द्या म्हणणार, असं वाटलं असेल तर थांबा. पुण्याजवळच्या चाकणला या. मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा, देशातल्या नामांकित गाड्या इथे बनतात. शिफ्ट सुटताना तळेगाव चौकात उभे राहा. पर्मनंट लोकांना घेऊन कंपन्यांच्या बस जातात. कंत्राटी पोरं एका मोटारसायकलवर तिघं. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर डब्याची सॅक, मधल्याच्या मांडीवर तिघांची हेल्मेटं, कारण तीन डोकी आणि तीन हेल्मेटं एका सीटवर मावत नाहीत. ज्यांच्याकडे तेही नाही ती वडापच्या जीपमध्ये, मागच्या फळीवर एक पाय टेकवून. मुली रिक्षावाल्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करत असतात. रात्रपाळीहून परतताना रिक्षातून उतरल्यावर खोलीपर्यंत चालत जायचं ठरलेलं.

या पोरांपैकी एकाच्या हातात महिन्याला सोळा हजार पडतात असं धरा. त्याला दोन लाखांची जुनी गाडी घेऊन दिली. चार वर्षांच्या कर्जाचा हप्ता पाच हजारांच्या वर. खोलीपासून कंपनी वीस किलोमीटर धरली तर महिन्याचं पेट्रोल साडेपाच हजार. विमा, टायर, पोलिसाची पावती वेगळी. अकरा हजार गाडीने खाल्ले. उरलेल्या पाचात खोलीचं भाडं, मेस आणि गावाकडे आईला पाठवायचे पैसे. समजा, सरकारने गाडी फुकटच दिली. तरी पेट्रोल पगाराचा तिसरा हिस्सा गिळणार, आणि तो पोरगा तळेगाव चौकातल्या कोंडीत माझ्याच मागे हॉर्न वाजवत उभा राहणार. अनुदान त्याच्या नावावर दिसेल आणि जिरेल गाडी कंपनी, फायनान्स कंपनी आणि पेट्रोल पंप यांच्या घशात.

त्याला खरी गरज आहे ती रात्री बारा वाजता शिफ्ट सुटल्यावर गेटसमोर उभ्या असलेल्या बसची. पण जून 2025 मध्ये पुण्याच्या पीएमपी बससेवेने भाडेवाढ केली तेव्हा पुणे-पिंपरीचा दैनिक पास 40 वरून 70 रुपयांवर गेला आणि मासिक पास 900 वरून 1,500 वर. त्याच्या आदल्या महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, जानेवारीत एसटी जवळजवळ 15 टक्क्यांनी महागली. माझा टोल गेला आणि त्याचं तिकीट वाढलं, हे वर्षभराच्याही आत घडलं. तोट्यातली बस सुधारायला प्रवाशाच्या खिशात हात घालावा लागतो म्हणे. मग कोस्टल रोडसाठी माझ्या खिशात का नाही घातला?

पैसा नाही हे कारण आता पुरे झालं. फ्रान्समध्ये ठरावीक संख्येहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाकडून सार्वजनिक वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात. पॅरिसमध्ये तो 1971 पासून आहे. ज्याला कामगार वेळेवर हवा, त्याने त्याच्या बसचे पैसे द्यावेत, इतका सरळ हिशेब. आपल्या एमआयडीसींत हे करायला कुणाचा हात धरलाय? कंत्राटी आणि पर्मनंट हा भेद न करता प्रत्येक शिफ्टला बस, मासिक पासचा निम्मा भार मालकावर, आणि मोटारींना दिलेल्या सवलतींइतकी रक्कम दरवर्षी बससेवेला. आमदारांनो, पुढच्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न लावून धरा, की मोटारीतल्या माणसावर राज्य माणशी किती खर्च करतं आणि बसमधल्या माणसावर किती. उत्तर पटलावर येऊ द्या.

तोवर माझ्यासारख्या गाडीवाल्यांनी ‘फुकटे’ हा शब्द तोंडातून काढू नये. या राज्यातले सगळ्यात मोठे फुकटे आपण आहोत.