भाविक होते, जवान होते, बाप होते. मग जात कुठे गेली?

मागच्या महिन्यात लोणार तालुक्यातल्या एका गावी आम्ही एका माजी सैनिकाच्या स्मृतिसभेला गेलो होतो. १९७१ च्या युद्धात लष्कराचा ट्रक चालवलेले, निवृत्तीनंतर बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहिलेले, चार लेकरं शिकवून मार्गी लावलेले काका. धर्माने ख्रिस्ती. गावात चर्च नाही, म्हणून दर रविवारी त्यांच्याच ओसरीवर प्रार्थना व्हायची. उशाला पवित्र शास्त्र, खुंटीला पदकं लावलेला कोट. गावाचं आणि काकांचं नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते एका गावापुरतं नाही.

सभेत पास्टर बोलले, "देवभीरू माणूस." तालुक्यातले माजी सैनिक बोलले, "शिस्तीचा जवान." सरपंच बोलले, "कुटुंबवत्सल गृहस्थ." तिन्ही गोष्टी खऱ्या. पण हा माणूस महारवाड्यात जन्मला, त्याचा आजा गावकीची कामं करत होता आणि त्याच्या बापाने मिशनच्या शाळेच्या आधाराने वाडा सोडला, हे एकाही वक्त्याच्या तोंडून आलं नाही. बोलता बोलता जात गळून पडली.

आणि हीच गळालेली जात चार दिवस आधी मात्र सगळ्यांना आठवली होती. काका गेले तेव्हा प्रश्न पडला, माती कुठे द्यायची? गावात ख्रिस्ती दफनभूमी नाही. सवर्णांच्या स्मशानाचा तर विषयच नव्हता. उरली आपल्या बौद्ध समाजाची जागा, जिथे काकांचा आजा आणि पणजा पुरलेले आहेत. तिथे आपलीच काही पोरं आडवी आली. म्हणाली, "ते आपले नाहीत. त्यांनी कधीच बाजू बदलली." शेवटी वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या आयाबायांनी पोरांना झापलं, तेव्हा खड्डा खणला गेला. आम्ही तिथेच होतो. लाज वाटली. त्या लाजेतूनच हा लेख लिहितो आहोत.

बांधवांनो, सैनिक, भाविक आणि बाप अशी तिहेरी ओळख असलेला माणूस आपल्याला अनोळखी आहे का? आपल्या चळवळीची सुरुवातच अशा एका माणसाच्या घरात झाली. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. फौजेतले सुभेदार, महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. कबीरपंथी, आणि तेही कडक. घरात सकाळ-संध्याकाळ भजन चुकायचं नाही, दारूला शिवायचं नाही. त्यांनी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावलं. बाबासाहेबांनी वडिलांना विचारलं होतं की, ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांना कमी लेखलं आहे ते आम्ही का वाचायचे? वडिलांनी उत्तर दिलं, ते असं की आपण अस्पृश्य म्हणून आपल्या मनात न्यूनगंड येतो, आणि खालून वर आलेल्या माणसांच्या कथा तो घालवतात. बाबासाहेबांना हे उत्तर पटलं नाही. पण बापाचं कष्टणं त्यांनी आयुष्यभर मनात जपलं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत पोराला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवणारा हा बाप, पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागायचा आणि गहाण टाकायचा. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

रामजी बुद्धाचे नव्हते, कबीराचे होते. म्हणून कोणी म्हणेल का की ते आपले नाहीत?

आता फौजेचं बघा. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत लढणाऱ्या महारांना १८९२ च्या सुमारास ब्रिटिशांनी भरतीतून बाहेर काढलं. 'लढाऊ जमाती' आणि 'न लढणाऱ्या जमाती' अशी वाटणी केली आणि आपल्याला दुसऱ्या रांगेत ढकललं. त्याविरुद्ध दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, तेही निवृत्त सैनिकच, अर्ज तयार केला. रामजींनीही याच प्रश्नावर न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुढे बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे वर्दी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. ती मागून, भांडून मिळवली आहे. ती मिळवताना वर्दीच्या आत कबीर आहे, येशू आहे की बुद्ध आहे हा प्रश्न नव्हता. प्रश्न जातीचा होता.

तेव्हाच्या पूर्वास्पृश्यांसमोर वाटा अनेक होत्या. वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ लेकरांना अकोला-खामगावकडच्या मिशनने पोटाशी धरलं. काही घरं त्या वाटेने ख्रिस्ती झाली. काही वारकरी राहिली, काही कबीरपंथी. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या मोठ्या समूहाने धम्म स्वीकारला. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो, आणि तो इतिहासातला सर्वात शहाणा निर्णय होता असं आम्ही मानतो. पण ज्यांनी आधी वेगळी वाट धरली ते भगोडे नव्हते. पळून तर सगळेच निघाले होते, एकाच आगीतून.

आता खरा मुद्दा. काकांच्या धाकट्या मुलाने जातीचा दाखला मागितला तेव्हा कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "धर्म कोणता?" 'ख्रिस्ती' म्हटल्यावर अर्ज बाजूला सरकवला. साहेब नियमानेच वागले. दोष नियमाचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की ठराविक धर्म सोडून इतर धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. सुरुवातीला त्यात हिंदू आणि काही शीख जाती होत्या. १९५६ मध्ये सगळे दलित शीख आले. आणि बौद्ध? आपण १९९० मध्ये आलो, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारात आपण चौतीस वर्षे उभे होतो. त्या चौतीस वर्षांत आपल्या किती बापांनी दाखल्यावर 'हिंदू महार' लिहून घेतलं? ती शरम आपल्याला माहीत आहे. तीच शरम आज ख्रिस्ती घरं भोगत आहेत. सभेत वक्त्यांनी जात प्रेमाने गाळली, आदेश तीच जात कायद्याने गाळतो. परिणाम एकच.

इथे एक तुलना करा. १९७१ च्या युद्धातलेच लान्स नायक अल्बर्ट एक्का. झारखंडातल्या गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचे, उराँव आदिवासी, ख्रिस्ती. डिसेंबर १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मागे पत्नी आणि तान्हं लेकरू. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही, म्हणून ख्रिस्ती असूनही आदिवासी आदिवासीच राहतो. हे योग्यच आहे, आणि त्यावरही आता 'यादीतून काढा' म्हणणारे घाला घालू पाहत आहेत. पण मग त्याच युद्धात ट्रक चालवणाऱ्या दलित ख्रिस्ती जवानाच्या लेकराला वेगळा न्याय का? बाप देशासाठी सारखाच उभा राहिला. एकाची जमात राहते, दुसऱ्याची जात पुसली जाते. गावाने मात्र ती पुसलेली नसते.

न्यायालयाने काय म्हटलं तेही बघू. १९८५ च्या सूसाई खटल्यात मद्रासच्या फुटपाथवर बसणारा एक चांभार न्यायालयात गेला. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना टपऱ्या दिल्या, याला नाही, कारण तो ख्रिस्ती. जोडे तेच, आरी तीच, फुटपाथ तोच. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही तितकाच छळ चालू आहे याचा पुरावा आणा. पुरावा पुढे आलाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली. २००८ मध्ये सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अभ्यासातही दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांची बाजू भक्कम असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी २००४ ची याचिका दोन दशकं रखडली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, त्यालाही मुदतीवर मुदत मिळत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती राहून हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागणं म्हणजे संविधानाशी फसवणूक ठरवलं. आम्ही विचारतो, माणसाला रविवारी एक आणि कचेरीत दुसरं बोलायला कोणी भाग पाडलं? त्या माणसाने, की १९५० च्या आदेशाने?

नुकसान फक्त नोकरीचं नाही. आपल्या राज्यात या बांधवांना इतर मागासवर्गात ठेवलं आहे, पण राखीव मतदारसंघात त्यांना उभं राहता येत नाही. आणि त्याहून वाईट, जातीवरून मार खाल्ला तर ॲट्रॉसिटी कायदा त्यांच्या मागे उभा राहत नाही. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या प्रकरणात हेच सांगितलं. म्हणजे मारणारा जात बघून मारणार, आणि कायदा धर्म बघून गप्प बसणार.

आता आपल्यातले आक्षेप. टाळणार नाही.

पहिला आक्षेप: "बाबासाहेबांनीच ख्रिस्ती धर्मावर टीका केली आहे." हो, केली आहे, आणि ती वाचलीच पाहिजे. पण टीका काय होती? धर्म बदलूनही चर्चमध्ये जात शिल्लक राहते आणि मिशन ती मोडायला पुरेसं काही करत नाही, ही. म्हणजे दलित ख्रिस्ती माणूस दलितच राहतो, याची साक्ष खुद्द बाबासाहेबांनी देऊन ठेवली आहे. त्या टीकेचा वापर त्याच माणसाचा हक्क नाकारायला करणं हा बाबासाहेबांचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप: "आधीच वाटा कमी, त्यात आणखी वाटेकरी." ही भीती खोटी नाही. नोकऱ्या आटत आहेत, पदं रिकामी ठेवली जात आहेत, खासगीकरण चालू आहे. पण मग मागणी वाटा वाढवण्याची करा, भावाचं ताट ओढू नका. १९९० मध्ये आपल्याबद्दलही हेच बोललं गेलं होतं.

तिसरा आक्षेप: "त्यांच्याकडे मिशनचे पैसे, शाळा, दवाखाने आहेत." लोणार तालुक्यातल्या त्या ओसरीवर येऊन बघा. पत्र्याचं छत, लष्कराचं पेन्शन आणि काकूंचं शिवणयंत्र, एवढंच मिशन तिथे होतं.

ख्रिस्ती बांधवांनाही एक सांगायचं आहे. स्मृतिसभेत बापाला 'देवभीरू' म्हणा, 'जवान' म्हणा, पण तो कोणत्या वाड्यातून उठला तेही सांगा. जात लपवून जात जात नाही. चर्चमध्ये तुमच्या लेकीचं लग्न कोणत्या घरात ठरतं, हा प्रश्न पास्टरसमोर मांडा. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत या. रामजींचा भीम तुमचाही आहे.

आपण काय करायचं? आम्ही तीन कामं धरली आहेत. एक, ज्या गावात ख्रिस्ती दफनभूमी नाही तिथे आपली जागा विनाअट खुली, असा ठराव वस्तीच्या बैठकीत करायचा. दोन, स्वतंत्र दफनभूमीसाठी ग्रामसभेत अर्ज द्यायचा, आणि त्यावर सह्या आपल्याही हव्यात. तीन, १९५० च्या आदेशातली धर्माची अट काढा आणि त्या प्रमाणात वाटा वाढवा, अशी मागणी आपल्या जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्यासपीठावरून करायची.

सभा संपल्यावर काकूंनी चहा दिला. म्हणाल्या, "बाबू, तुमच्या आयाबायांनी माती दिली म्हणून यांना जागा भेटली." आम्हाला उत्तर सुचलं नाही. कारण ती जागा आपण दिली नव्हती. ती त्यांच्या आजापणजाचीच होती. आपली पोरं फक्त आडवी आली होती.

जय भीम. जय संविधान.