धरणाखाली कोण राहतं?

१ ऑगस्ट २०१९. डर्बीशायरमधल्या व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रूक या मातीच्या धरणाचा सांडवा खचला. सुमारे १,५०० माणसांना घराबाहेर काढलं, हेलिकॉप्टरने खडीच्या गोण्या टाकल्या. जीव कुणाचाच गेला नाही.

त्याआधी महिनाभर, २ जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. सुमारे वीस माणसं गेली.

इंग्लंडमध्ये ‘उच्च जोखीम’ हा शेरा धरणाच्या तब्येतीचा नसतो. ते फुटलं तर खालच्या माणसांच्या जिवाला धोका आहे, एवढंच तो सांगतो. म्हणून भक्कम धरणालाही तो मिळतो. खरा प्रश्न पुढचा: गळती दिसली, तर गाव वेळेत हलवणार कोण?

दिवाळीच्या फोनवर फराळाबरोबर गावच्या धरणाचीही चौकशी करा.