मनगटावरची हाक कोणापर्यंत पोहोचते?

बंगळुरू : संकटाच्या वेळी आपोआप मदत मागणारी मनगटी घड्याळे आता भारतीय बाजारपेठेत सहज मिळू लागली आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि अपंगांसाठी हे वरदान असल्याचे जाहिरातींत आवर्जून सांगितले जाते. प्रत्यक्षात मात्र या सोयीची ज्यांना सर्वाधिक गरज आहे, त्यांनाच ती वापरणे सर्वाधिक अवघड जाते. बंगळुरूच्या चिकपेटसारख्या जुन्या, दाट वस्तीत हा विरोधाभास अधिकच ठळकपणे जाणवतो.

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेल्या मूळ शहरातील पेठांमध्ये चिकपेटची गणना होते. सतराव्या शतकात बंगळुरूची जहागीर शहाजीराजे भोसले यांच्याकडे होती आणि त्यांचे वास्तव्य याच भागातील गौरी महालात होते, असे परंपरा सांगते. भावसार, शिंपी, मराठा अशा समाजांतील मराठी बोलणारी कुटुंबे या परिसरातील पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. खाली रेशमी साड्यांची दुकाने आणि वर, अरुंद जिन्यांच्या टोकाला, राहती घरे अशी येथील जुनी रचना आहे. पुढची पिढी नोकरीनिमित्त शहराच्या बाहेरील भागांत किंवा परदेशात गेली की वरच्या मजल्यावर उरतात ते वृद्ध आईवडील. मुलांना त्यांची काळजी वाटते आणि भेट म्हणून घड्याळ घरी येते.

काळजी निराधार नाही

ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाख, तर अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांत दृष्टिदोष आणि श्रवणदोष असलेल्या व्यक्ती प्रत्येकी सुमारे ५० लाख होत्या.

पडण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक घातक ठरते ते मदतीविना पडून राहणे. ब्रिटनमधील केंब्रिज येथे नव्वदीपुढील ११० व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. पडलेल्यांपैकी ३० टक्के व्यक्ती तासभर किंवा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून होत्या. मदत मागण्याचे साधन अनेकांना उपलब्ध होते, तरीही स्वतःहून मदत मिळवू न शकलेल्यांपैकी बहुतेकांकडून ते वापरले गेले नाही. काहींना ते अंगावर बाळगण्याची सवय नव्हती, काहींनी जाणूनबुजून बटण दाबले नाही, तर काहींचा प्रयत्न फसला.

अशा साधनांत गळ्यात अडकवायच्या साध्या बटणाचाही समावेश होतो. अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ मध्ये ‘लाइफलाइन’ या नावाने अशी सेवा सुरू केली, तेव्हा तिची रचना अगदी सोपी होती. एक बटण दाबायचे आणि पलीकडे माणूस बोलायचा. आजच्या घड्याळात त्या एका बटणाच्या जागी पडदा, सूचना, पासवर्ड, रोजचे चार्जिंग आणि मोबाइलशी जोडणी आली आहे. क्षमता वाढली, तशी गुंतागुंतही वाढली.

यंत्राने गृहीत धरलेला माणूस

ॲपलने सप्टेंबर २०१८ मध्ये घड्याळाच्या चौथ्या मालिकेत पडल्याची दखल घेणारी सोय आणली. सॅमसंग आणि गुगल यांच्या घड्याळांतही पुढे अशा सोयी आल्या. ॲपलच्या घड्याळाला जोराचा आघात जाणवला की ते मनगटावर ठोके देते, आवाज करते आणि पडद्यावर विचारणा करते. व्यक्तीने सुमारे एक मिनिट हालचाल केली नाही, तर ३० सेकंदांची उलटगणती होते. त्यानंतर ते आपत्कालीन क्रमांकाला दूरध्वनी करते आणि अक्षांश-रेखांशांसह ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते. आपले घड्याळ प्रत्येक वेळी पडणे ओळखू शकत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते.

या रचनेत काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पडदा दिसतो, आवाज ऐकू येतो, बोट नेमक्या जागी टेकवता येते आणि पलीकडच्या माणसाशी बोलता येते, ही ती गृहीतके होत. कंपवाताने हात थरथरणाऱ्या व्यक्तीला पडद्यावरील पट्टी सरकवता येत नाही. कर्णबधिर व्यक्तीने कळ दाबली तरी पुढे जोडला जातो तो ध्वनीचा दूरध्वनी. चाकाच्या खुर्चीवरून हळूहळू घसरणारी व्यक्ती ‘जोराच्या आघाता’च्या व्याख्येत बसेलच असे नाही. महागड्या घड्याळांत पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी किंवा हाताच्या हालचालींनी चालणारी सोय असते. ब्लूटूथवर चालणाऱ्या अनेक स्वस्त घड्याळांत मात्र ती आढळत नाही आणि त्यांची संकटकळही जवळच्या मोबाइलवर अवलंबून असते. मोबाइल दिवाणखान्यात आणि माणूस न्हाणीघरात असेल, तर भिंतींमुळे जोडणी तुटू शकते.

छोट्या वाटणाऱ्या बाबीही निर्णायक ठरतात. ॲपलच्या घड्याळात नोंदवलेले वय ५५ किंवा त्याहून अधिक असेल तर पडल्याची दखल घेणारी सोय आपोआप सुरू होते. मुलाने घाईत स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या जन्मतारखेने घड्याळ सुरू करून आईच्या मनगटावर बांधले, तर ही सोय बंद राहण्याची शक्यता असते. घरातील सर्वांना मात्र ती सुरू आहे असेच वाटत राहते. स्नानाच्या वेळी घड्याळ काढून ठेवण्याची सवय हा असाच दुसरा धोका आहे, कारण ओल्या फरशीवर पडण्याची भीती तेथेच अधिक असते.

हाक पोहोचल्यानंतर

घड्याळाने हाक दिली, असे धरून चालू. भारतात ती ११२ या क्रमांकावर जाते. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सेवांसाठी एकच क्रमांक असावा, या हेतूने २०१८ च्या अखेरीपासून राज्याराज्यांत ही व्यवस्था सुरू झाली. दूरध्वनीशिवाय लघुसंदेश, ई-मेल आणि मोबाइल ॲप हे मार्गही तीत आहेत. कर्णबधिरांच्या दृष्टीने ते मोलाचे आहेत. मात्र घड्याळाची कळ सहसा त्या मार्गांकडे वळत नाही, ती दूरध्वनीच लावते.

चिकपेटमध्ये पुढची अडचण पत्त्याची आहे. अक्षांश-रेखांशांवरून गल्ली कळते, मजला कळत नाही. एकमेकींना चिकटलेल्या इमारतींत उपग्रहाचे संकेत विचलित होतात. गर्दीच्या वेळी येथील अनेक गल्ल्यांत रुग्णवाहिकेला शिरणे कठीण होते. जून २०१७ मध्ये सुरू झालेल्या चिकपेटच्या भुयारी मेट्रो स्थानकात तर उपग्रहाचे संकेत पोहोचतच नाहीत. आपत्कालीन दूरध्वनी करणाऱ्याचे ठिकाण अधिक अचूकपणे कळवणारी गुगलची सेवा डिसेंबर २०२५ मध्ये देशात प्रथम उत्तर प्रदेशात कार्यान्वित झाली. अशी सेवा सर्वत्र आली तरी जिना चढून दार उघडणारा माणूस लागणारच.

या दृष्टीने बंगळुरूचा एक जुना अनुभव उपयुक्त आहे. शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी १०९० ही मदतवाहिनी सुरू केली. ज्येष्ठाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा माणूस पलीकडे असणे, हे तिचे बलस्थान होते. पुढे २०२१ मध्ये १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ राष्ट्रीय पातळीवर आली. मात्र ती माहिती, मार्गदर्शन आणि आधार देणारी सेवा आहे, तातडीच्या बचावाची नव्हे. हा फरक वृद्धांना कोणीतरी समजावून सांगणे आवश्यक आहे.

कायदा आहे, कक्षा अपुरी

केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोबाइल संचांसाठी संकटकळीचा नियम केला. १ जानेवारी २०१७ पासून साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ हा अंक दाबून ठेवल्यास, तर स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास मदतीची हाक जावी, असे बंधन उत्पादकांवर आले. सर्वांसाठी एकच, बोटांना सहज सापडणारी खूण ठरवणारा हा नियम होता. तो मोबाइल संचांपुरता राहिला. परिणामी प्रत्येक कंपनीच्या घड्याळाची खूण वेगळी आहे.

एप्रिल २०१७ मध्ये अमलात आलेल्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संकटकाळातील समान संरक्षणाची आणि सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे सुगम्यता मानकही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्वाळा दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

युरोपीय संघाने या दिशेने आणखी एक पाऊल टाकले आहे. तेथील सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. ११२ या क्रमांकावर येणाऱ्या हाकेला अपंग व्यक्तीला समजेल अशा स्वरूपात उत्तर देण्याच्या तयारीसाठी सदस्य देशांना जून २०२७ पर्यंत मुदत देता येते. म्हणजेच हाक देणारे उपकरण आणि हाक ऐकणारे केंद्र, या दोहोंचा विचार तेथे एकत्र झाला आहे. भारतात नेमका हाच दुवा सुटलेला आहे.

तो जोडण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज आहे असे नाही. २०१६ च्या नियमाची कक्षा घड्याळांपर्यंत वाढवता येईल. हाक देताना दूरध्वनीबरोबर लघुसंदेशही आपोआप जावा आणि त्यात मजल्यासह पत्ता, वापरणाऱ्याची भाषा व अपंगत्वाची नोंद असावी, अशी अट घालता येईल. कोणत्या अपंगत्वात ही सोय चालत नाही, हे वेष्टनावर स्पष्ट छापणे बंधनकारक करता येईल. तोपर्यंत कुटुंबांनीही काही गोष्टी पाळाव्यात. घड्याळ वापरणाऱ्याच्याच वयाने सुरू करावे, ते न्हाणीघरातही मनगटावर राहील याची सवय लावावी आणि परदेशातील मुलाआधी खालच्या दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक संकटकाळातील संपर्क म्हणून नोंदवावा.

चिकपेटच्या जुन्या घरात पूर्वी जिन्यावरून दिलेली हाक खालच्या दुकानात ऐकू जात असे. घड्याळाने ती हाक हजारो मैलांवर पोहोचवली आहे. पडलेल्या माणसाला उचलण्यासाठी मात्र आजही कोणीतरी तो जिना चढून जावे लागते आणि धोरणाची कसोटीही तेथेच लागणार आहे.