विश्लेषण : लहान मुलाच्या वृषणातील न दुखणारी गाठ उशिरा का ओळखली जाते?

बाळाला आंघोळ घालताना एक वृषण दुसऱ्यापेक्षा मोठे लागते. मूल मात्र खेळते, जेवते, कुरकुर करत नाही. ‘पाणी भरले असेल, वय वाढले की जाईल,’ असे घरात कोणीतरी म्हणते. बहुतेक वेळा ते खरे ठरते. पण क्वचित एखाद्या मुलात ती गाठ असते. वाट पाहण्याचा सल्ला देण्यापूर्वी एक सोनोग्राफी का व्हायला हवी, हे त्यासाठी समजून घ्यायला हवे.

आजार किती दुर्मीळ?

मुलांमध्ये वृषणाच्या गाठीचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला साधारण ०.५ ते २ इतकेच आहे. पहिल्या तीन वर्षांत आणि पुन्हा वयात आल्यानंतर त्या जास्त आढळतात. लहान वयातील अनेक गाठी टेराटोमा किंवा एपिडर्मॉइड सिस्ट अशा सौम्य प्रकारच्या असतात. कर्करोगाच्या गाठींमध्ये या वयात योक सॅक ट्यूमर सर्वाधिक दिसतो. म्हणजे गाठ आहे म्हणून कर्करोगच आहे असे नाही, आणि दुखत नाही म्हणून काळजीचे कारण नाही असेही नाही.

फसगत कुठे होते?

अंडकोश अचानक सुजला आणि मूल वेदनेने कळवळू लागले, तर पालक तातडीने डॉक्टरांकडे धावतात. ते योग्यच आहे, कारण वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. गाठ मात्र बहुधा दुखत नाही. ती हळूहळू वाढते आणि तिथेच वेळ जातो.

दुसरी फसगत हायड्रोसीलची. अंडकोशात पाणी साचलेले असेल तर टॉर्चचा प्रकाश आरपार दिसतो आणि निदान झाले असे वाटते. पण गाठीभोवतीही पाणी साचू शकते. बाहेरून प्रकाश दिसतो, आतली गाठ झाकलेली राहते. पाण्यामुळे वृषण हाताला नीट लागत नसेल, तर केवळ टॉर्चवर विसंबून चालणार नाही. अंडकोशाच्या सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, सुई टोचावी लागत नाही आणि गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, हे बहुतेक वेळा कळते.

रक्ताचा अहवाल कसा वाचायचा?

अल्फा फिटोप्रोटीन म्हणजे एएफपी ही यातील महत्त्वाची रक्तचाचणी. योक सॅक ट्यूमरमध्ये हे प्रमाण बहुतेकदा खूप वाढते. पण नवजात बाळाच्या रक्तात ते मुळातच हजारोंच्या घरात असते आणि प्रौढांच्या पातळीवर यायला आठ महिने ते वर्षभर लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा प्रौढांची असते. त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाचा आकडा लाल अक्षरात दिसला, तरी तो कर्करोगाचा पुरावा ठरत नाही. तो बाळाच्या वयाशी ताडूनच वाचावा लागतो. घाईने वृषण काढून टाकण्याची चूक टाळायची असेल, तर हे भान हवेच.

शस्त्रक्रियेआधी काय विचारावे?

गाठीचा संशय असेल तर अंडकोशातून सुई घालून तुकडा काढू नये आणि अंडकोशावर छेदही देऊ नये. वृषणातील लसिका पोटात मूत्रपिंडांच्या बाजूच्या गाठींकडे वाहते, तर अंडकोशाच्या त्वचेतील लसिका जांघेतील गाठींकडे. अंडकोशाला छेद दिला, तर रोगाला नवी वाट मिळण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रिया जांघेतून करतात. हायड्रोसील समजून केलेल्या शस्त्रक्रियेत गाठ अवचित सापडली, तर नेमका हाच नियम मोडलेला असतो. आधीची सोनोग्राफी त्यासाठीही मोलाची आहे.

पालकांनी दोन प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रियेपूर्वी एएफपीसाठी रक्त घेतले का? आणि वृषण वाचवता येईल का? वर्षावरील मुलात एएफपी खूप वाढलेले असेल, तर सहसा वृषण काढावेच लागते. ते वयाच्या मानाने योग्य असेल आणि सोनोग्राफीत गाठ सौम्य वाटत असेल, तर शस्त्रक्रिया सुरू असतानाच नमुना पॅथॉलॉजिस्टकडे पाठवून फक्त गाठ काढणे अनेकदा शक्य होते.

बरे होण्याची शक्यता किती?

वृषणापुरता मर्यादित योक सॅक ट्यूमर पूर्ण काढला गेला, तर अनेक मुलांना केमोथेरपी लागत नाही. ठरावीक अंतराने एएफपी आणि इतर तपासण्यांतून लक्ष ठेवले जाते. आजार पसरला असला, तरी सिस्प्लॅटिनवर आधारित उपचारांना तो चांगला प्रतिसाद देतो. योग्य उपचार मिळाल्यास ९० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. एक वृषण निरोगी असेल तर पुढे वयात येण्यात किंवा बाप होण्यात सहसा अडचण येत नाही.

मग व्हायला काय हवे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. डोळे, दात, हृदय पाहताना, पालकांच्या उपस्थितीत आणि मुलाला संकोच वाटणार नाही अशा रीतीने, वृषणेही पाहिली गेली पाहिजेत. दोन्ही वृषणे जागेवर आहेत का, एखादे मोठे किंवा कडक आहे का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. वृषण खाली उतरलेले नसेल, तर तेही वेळेत कळेल. मिसरूड किंवा लिंगाची वाढ अकाली दिसली, किंवा रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलाचे वृषण सुजले, तर थांबू नये.

हायड्रोसील असलेल्या बाळांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही आणि वाट पाहण्याचा सल्ला त्यांच्यासाठी योग्यच आहे. मात्र आत गाठ नाही याची खात्री झाल्यावरच तो दिला जावा. ‘अशा जागेबद्दल कसे बोलायचे’ या संकोचापायी दवाखान्याची फेरी लांबवणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.