अर्थ न लावता वाचणारा कोण?

सांगली-साताऱ्यातली शिकलेली मुस्लिम पोरं, त्यातही माझ्यासारखे इंजिनिअर, एक वाक्य ठासून बोलतात : ‘कुरआनात स्पष्ट लिहिलंय, अर्थ लावायचा कशाला?’ आमच्या धंद्याची ही खोड आहे. कोडचा मशीन एकच अर्थ घेतं. भाषा मात्र माणसं वाचतात.

कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जा. तिथले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आपण घाटावरचे बहुतेक हनफी. (खेकडा खावा का, हा वाद तूर्त बाजूला ठेवू.) कुरआन एकच. दुसऱ्या सूरहच्या २२८व्या आयतीत तलाक झालेल्या बाईने तीन ‘कुरू’ थांबावं असं आहे. अरबीत या शब्दाचे दोन अर्थ : पाळी, किंवा दोन पाळ्यांमधला काळ. हनफींनी पहिला घेतला, शाफईंनी दुसरा. म्हणून घाटावरची इद्दत काही दिवस लांबते. नवऱ्याचा परत घेण्याचा हक्क आणि बाईचा खर्च या दिवसांवरच ठरतो. मग ‘स्पष्ट’ काय होतं?

११९८ मध्ये वारलेल्या इब्न रुश्दने फिकहमधल्या मतभेदांची कारणं सांगताना हाच शब्द घेतला होता. तेव्हा अर्थनिर्णय हे युरोपचं खूळ आहे, असं कुणी सांगू नये. युरोपने त्यात भर मात्र घातली. स्पिनोझाने १६७० मध्ये बायबल त्याच्या भाषेतून आणि इतिहासातून वाचायला सांगितलं. श्लायरमाखरच्या मते गैरसमज आपोआप होतो, समज कमवावी लागते. गाडामरने १९६० मध्ये वाचणाऱ्याकडेच बोट दाखवलं : कोऱ्या मनाने कुणीच वाचत नाही, आपले पूर्वग्रह आधी ओळखा.

आपल्याला नको असतो तो हाच प्रश्न. १९८५ च्या शाहबानो निकालात सुप्रीम कोर्टाने ‘मताअ’ शब्दाचा अर्थ लावला, तेव्हा ‘कोर्टाला काय अधिकार?’ असा गदारोळ झाला. विचारायला हरकत नव्हती. पण मौलानांनी लावलेला अर्थही अर्थच होता, हे किती जणांनी म्हटलं?

‘कुरू’च्या शाफई अर्थामागे हजरत आयेशांचं मत सांगितलं जातं. पहिल्याच पिढीत एक बाई आयतीचा अर्थ सांगत होती आणि इमाम तो मानत होते. तलाकच्या वादासाठी बसलेल्या जमातीच्या ज्या बैठका मी पाहिल्या, त्यांत निवाडा करणाऱ्यांत एकही बाई नव्हती. जिची इद्दत मोजायची ती आतल्या खोलीत.