दिवा पुजू नका, मोजा

गेल्या रविवारी सकाळी मित्र आला तो पिशवीतून एक पेडल काढतच. कॉलेजच्या बँडमध्ये तो गिटार वाजवायचा आणि मी वायरी गुंडाळायचो. अजूनही कामाची वाटणी साधारण तीच आहे. "बघ ना रे, आवाज येतोय, पण हलत नाहीये," म्हणाला.

पेडल परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं. साठच्या दशकातल्या 'युनि-व्हाइब' ह्या यंत्राचा 'अस्सल' नवा अवतार म्हणून त्याने पहिल्या नोकरीतला जवळजवळ महिन्याचा पगार घालून मागवलेलं. मी सप्लायच्या वायरीत मल्टीमीटर लावला. असं पेडल चालू असलं की आतला दिवा उजळतो-मंदावतो आणि त्याबरोबर करंटही डोलतो. इथे आकडा ढिम्म. म्हणजे एक तर दिवा गेला, नाहीतर त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर. दोन्हीपैकी काहीही असो, तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळणारा माल. अर्ध्या तासाचं काम, चहा व्हायच्या आत.

चार स्क्रू काढले आणि डोकं फिरलं. आत सर्किट दिसतच नव्हतं. सगळ्या बोर्डावर काळा इपॉक्सी ओतलेला. दिवाही त्याच्याच आत गाडलेला. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, स्वखर्चाने परत पाठवा. जाण्या-येण्याचं कुरिअर आणि कस्टमचा हिशोब केला, आणि मित्राने पेडल गुपचूप पिशवीत घातलं.

तर मंडळी, आजचा लेख हा त्या रागातून आहे. आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर 'फार चिडून लिहिलंय' असं कोणी म्हणायला नको :-)

ज्यांना गिटार-पेडलांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनि-व्हाइब हे जपानच्या शिन-एई कंपनीचं यंत्र. डिझाइन फुमिओ मिएदा यांचं, जे पुढे कॉर्गमध्ये नावाजले. जिमी हेन्ड्रिक्सने ते ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला वाजवलं, आणि १ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधल्या 'मशीन गन' मध्येही ते ऐकू येतं. रॉबिन ट्रॉवरची १९७४ ची 'ब्रिज ऑफ साइज' तर ह्या आवाजात भिजलेलीच आहे. पाण्याखालून गिटार वाजतेय आणि पाणी श्वास घेतंय, असा काहीसा तो आवाज.

आत काय आहे? चार टप्पे. प्रत्येक टप्पा सिग्नलची पातळी जवळपास तशीच ठेवून त्याची फेज सरकवतो. किती सरकवायची ते एक कपॅसिटर आणि एक एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रेझिस्टन्स कमी होणारा भाग, मिळून ठरवतात. मधोमध एक छोटा तारेचा दिवा, त्याच्याकडे तोंड करून चार एलडीआर, आणि वरून पत्र्याची डबी. दिवा कमी-जास्त होतो, फेज मागेपुढे होते. त्यात मूळ सिग्नल मिसळला की ती सुप्रसिद्ध धडधड तयार.

आता ह्या यंत्राभोवती दोन पंथ आहेत. दोन्ही माझ्या डोक्यात जातात.

पहिला पंथ सुट्या भागांची पूजा करणाऱ्यांचा. त्यांना तेव्हाचेच जपानी ट्रान्झिस्टर हवेत, तेव्हाचेच कपॅसिटर हवेत, जमलं तर तेव्हाची धूळसुद्धा. अरे बाबांनो, ते टप्पे जेमतेम एकास एक गेनवर चालतात. तिथे बरा गेन असलेला कुठलाही साधा सिलिकॉन ट्रान्झिस्टर मुकाट्याने काम करतो. जुन्या पार्टसाठी दहापट पैसे मोजणं म्हणजे आजोबांच्या हातची आमटी हवी म्हणून आजोबांचं पातेलं लिलावात घेण्यासारखं आहे.

दुसरा पंथ 'त्यात काय एवढं' वाल्यांचा. ह्यात आमचे आयटीवाले बांधव बहुसंख्य. चार टप्प्यांचा फेझर ना? चार सारखे कपॅसिटर टाका, दिव्याऐवजी एलईडी लावा, साइन वेव्ह द्या, झालं. मीही ह्याच पंथात होतो. झिरो पीसीबीवर पहिलं पेडल बनवलं ते अगदी असंच. वाजवल्यावर मित्र फक्त एवढंच म्हणाला, "छान आहे. पण हे ते नाही."

ते का नाही, हे शोधण्यात माझे कितीतरी शनिवार-रविवार गेले, आणि त्यातूनच माझं मत बनलं.

एक, कपॅसिटर. मूळ यंत्रात ते आहेत १५ नॅनोफॅरड, २२० नॅनोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ४.७ नॅनोफॅरड. सर्वात मोठा हा सर्वात लहानाच्या साडेचारशे पटींहून जास्त! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हाताला लागेल तो डबा उघडला. पण त्यामुळेच चारही टप्पे वेगवेगळ्या पट्ट्यांत काम करतात आणि आवाजातले खड्डे एकाच ठिकाणी न साचता पसरतात. एमएक्सआर फेझ ९० मध्ये चारही कपॅसिटर सारखे आहेत. तेही झकास पेडल आहे, पण ते वेगळं पेडल आहे.

दोन, दिवा. तार तापायला आणि निवायला वेळ लागतो. एलडीआर उजेडाला पटकन प्रतिसाद देतो, पण अंधार झाल्यावर रेंगाळत परततो. दिव्याजवळ जास्तीचा एक एलडीआर चिकटवून मी ऑसिलोस्कोपवर पाहिलं. आत साइन वेव्ह घातली तरी बाहेर येते ती वाकडी लाट, एक बाजू चढी आणि दुसरी लांबलचक उताराची. शिवाय वेग वाढवला की दिव्याला पूर्ण विझायला सवडच मिळत नाही, त्यामुळे लाटेची खोली आपोआप कमी होते. म्हणून जोरात फिरवलं तरी मूळ यंत्र किंचाळत नाही. एलईडीला असला संकोच नाही, तो सगळ्या वेगांना तेवढाच उड्या मारतो.

म्हणजे दिवा ही नुसती जुनी आठवण नव्हती. तो त्या सर्किटमधला एक फिल्टर होता, फक्त सर्किटच्या आकृतीत तो फिल्टर म्हणून काढलेला नव्हता. लेगसी कोडवर काम केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कुठलीतरी विचित्र ओळ 'कचरा' म्हणून काढून टाकावी आणि सोमवारी सकाळी कळावं की अर्धी सिस्टिम तिच्यावरच उभी होती.

मग मी एक मायक्रोकंट्रोलर घेतला, ती वाकडी लाट टेबलात भरली, वेगाबरोबर खोली कमी होईल अशी सोय केली आणि त्यावर एलईडी चालवला. मित्राला भिंतीकडे तोंड करून बसवलं. साध्या साइन वेव्हवरचा एलईडी त्याने दर वेळी ओळखला. सुधारलेल्या लाटेवर मात्र निम्म्या वेळा चुकला, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. शेवटी वैतागून म्हणाला, "दोन्ही ठेव." ह्याहून चांगला टेस्ट रिपोर्ट मला नोकरीतही मिळालेला नाही.

आणि हे काही माझं पाखंड नाही. २०१४ साली कॉर्गने 'नुव्हाइब' आणलं, खुद्द मिएदांच्या देखरेखीखाली. त्यात एलडीआर नाहीत. त्यांचं वागणं ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर वापरून उभं केलंय, आणि लाटेचा आकार बदलायला वर दहा स्लायडर दिलेत. ज्याने मूळ यंत्र बनवलं त्यालाच जुन्या भागांचा मोह नव्हता, मग आपण कोण लागून गेलो? मिएदांनी सांगितलंय की त्यांना ही कल्पना मॉस्कोहून येणारं रेडिओ प्रसारण ऐकताना सुचली. लांबून येणारा तो आवाज हवेत हेलकावे खायचा, तो परिणाम त्यांना पकडायचा होता. त्यासाठी त्यांनी आयनांबर डबीत भरला नाही. वागणं समजून घेतलं आणि हाताशी असलेल्या भागांत ते उभं केलं.

शिवाय हाताशी असलेले भाग कायम राहत नाहीत. एलडीआरमध्ये कॅडमियम असतं, आणि युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात त्यावर ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. नियम योग्यच आहे. पण तुमचं जतन एका विषारी धातूच्या पुरवठ्यावर अवलंबून असेल, तर ते जतन नाही, साठेबाजी आहे.

बदलायचं ते मात्र बेधडक बदला. मूळ यंत्र मोठ्या खोक्याएवढं, मेन्सवर चालणारं, वेगासाठी पायाचं वेगळं पेडल. आज ते ९ व्होल्टवर, तळहाताएवढ्या डबीत बसायला हवं. हेही सोपं नाही. ९ चे १८ व्होल्ट करायला मी आधी ७६६० ही चिप लावली. ती १० किलोहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणजे कानाला ऐकू येणारी बारीक शिट्टी, आणि दिव्याला लागणारा करंट तिच्या कुवतीबाहेर. मग एलटी१०५४ लावली, २५ किलोहर्ट्झ आणि १०० मिलिअँपिअर. शिट्टी गायब. खरी मेहनत ह्या कामांत आहे आणि पैसे घ्यायचे तर ह्याचेच घ्यावेत.

आता परत त्या काळ्या इपॉक्सीकडे. युनि-व्हाइबचं सर्किट गेली कित्येक वर्षं उघड्यावर आहे. आर. जी. कीन यांच्यासारख्या माणसांनी ते टप्प्याटप्प्याने समजावून लिहिलं आणि फुकट वाटलं. माझ्यासारखा कोडवाला त्यातूनच शिकला. मित्राच्या पेडलवाल्या कंपनीने आत काही वेगळं केलंही असेल. पण चार टप्पे आणि एक दिवा ही कल्पना तिची नाही, आणि तिच्यावर तिने झाकण ओतलंय. दिवा ही जळणारी वस्तू आहे हो! जी वस्तू एक दिवस जाणारच हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत आहे, ती बदलता येऊ नये अशी गाडणं ह्याला मी गुपित म्हणणार नाही. ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आणि वर त्याला 'अस्सल' म्हणायचं? अस्सल यंत्राची डबी स्क्रू काढून उघडता यायची. म्हणूनच तर पन्नास वर्षांपूर्वीची काही यंत्रं अजून वाजतायत.

नक्कल म्हणतील लोक मला. म्हणोत बापडे. नक्कल उघडी असेल तर पुढचा माणूस तिच्यातली चूक काढू शकतो, दिवा बदलू शकतो, माझ्याहून चांगलं बनवू शकतो.

असो. मित्राचं मेलेलं पेडल माझ्या टेबलावर पेपरवेट झालंय. त्याच्यासाठी नवं बनवतोय, दिव्याचं, कारण शेवटी त्याला दिवाच हवा झाला. हरकत नाही. फक्त दिवा सॉकेटमध्ये आहे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटची आकृती चिकटवलीय. पुढच्या वेळी धडधड गेली तर त्याने मला फोन करायचा नाही, स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा.